बुवा की मास्तर

गंगाखेड,
२९ जून

प्रिय बुवा,

वही मिळाली. एसटीच्या कंडक्टरजवळ दिलीस ते बरं केलंस, पोस्टात टाकली असतीस तर पोळ्यापर्यंत वाट बघत बसलो असतो. फक्त त्याच पिशवीत वहिनींनी दिलेली धपाटी होती, त्यांचं तेल पहिल्या चार पानांवर उतरलंय. तुझी पहिली दोन गाणी मी खिडकीच्या उजेडाला धरून वाचली. धपाटी छान होती. गाण्यांचं सांगतो.

फोनवर तू म्हणालास, "आता दुसऱ्याचं गायचं नाही. स्वतःच लिहिणार, स्वतःच म्हणणार." त्यातलं 'दुसऱ्याचं' म्हणजे माझंच की रे! एकवीस वर्षं तुझ्यासाठी लिहिलं आणि एका वाक्यात मी दुसरा झालो. रागावलो नाही. पण दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून फोन न करता पत्र लिहायला बसलो. फोनवर तू मधेच गायला लागतोस.

शिंप्याला गिऱ्हाईकाचं माप पाठ असावं तसा तुझा गळा मला पाठ आहे. वर चढल्यावर तुला 'ई' आणि 'ऊ' सोसत नाहीत, आवाज चिमटल्यासारखा होतो. 'आ' दिला की तोच आवाज अख्ख्या पेंडॉलवर पसरतो. म्हणून तुझ्या ध्रुपदाची ओळ मी कायम 'आ'वर सोडली. केरवा तालाचं एक आवर्तन झालं की तुझा दम संपतो (तंबाखू सोड म्हणून किती सांगितलं), तेव्हा तिथे मी मुद्दाम एक शब्द तुटका ठेवायचो, श्वास घेतला तरी कुणाला कळू नये म्हणून. लोकांना वाटायचं बुवा काय भावना ओतून थांबतात! ती भावना नव्हती, ती जागा मी पाडलेली होती.

आता तुझी नऊ गाणी. सात टाकून दे. सागर, किनारा, होडी, चंद्रकोर. नांदेडात कुठला आला सागर? तू समुद्र पहिल्यांदा बघितलास चाळिशीत, अन् तेव्हाही चप्पल वाहून गेली म्हणून समुद्राकडे पाठ करून वाळूत धुंडत होतास. हे शब्द तू लिहिलेले नाहीस, तू आयुष्यभर जी गाणी गायलास त्यांच्यातून ते तुझ्या वहीत सांडलेत. गाणाऱ्यानं लिहायला घेतलं की पहिली चूक हीच होते. पाठांतर इतकं असतं की पेन टेकवायच्या आत ओळ तयार. अन् दुसरी चूक अशी, की ओळ पोकळ असली तरी त्याला ती पोकळ लागत नाही, कारण लिहितानाच तो ती मनात गात असतो आणि आवाज तिला उचलून धरतो. मला गळा नाही. माझी ओळ कागदावरच उभी राहिली पाहिजे, नाहीतर ती पडते. यात मोठेपणा काही नाही, नाइलाज आहे.

पण ते टेम्पोचं गाणं! वरात आटोपून पहाटे बँजो, ढोलक, स्पीकर सगळं लादून तुम्ही परतताय, आणि ड्रायव्हर म्हणतो, "बुवा, झोप यायली, एखादं म्हणा की." रात्रभर सुपारी घेऊन गायलेला माणूस टेम्पो नालीत जाऊ नये म्हणून फुकट गातो. ते मी तीनदा वाचलं. मला हे सुचलंच नसतं रे. मी त्या टेम्पोत कधी बसलोच नाही. सकाळच्या शाळेसाठी मी रात्रीच घरी पळालेलो असायचो. ते गाणं तुझ्याशिवाय कुणी लिहायचं?

पोरगी पुण्याहून आली होती, तिला हे सांगितलं तर तिनं मोबाइलवर एक अमेरिकन बाई ऐकवली, कॅरोल किंग. ही बाई आणि तिचा नवरा जेरी गॉफिन न्यूयॉर्कला पोटापाण्यासाठी दुसऱ्यांकरता गाणी करायचे. १९६० साली शिरेल्स नावाच्या पोरींच्या चमूनं त्यांचं एक गाणं म्हटलं. आज जवळ घेतोयस, उद्याही प्रेम राहील का, असं एक पोरगी विचारते. कॅरोल तेव्हा अठरा वर्षांची. पुढं १९७१ मध्ये तिनं स्वतःचा रेकॉर्ड काढला, टॅपेस्ट्री, त्यात तेच गाणं स्वतः पियानोवर बसून म्हटलं, संथ. पोरगी म्हणे, "बाबा, बघा, स्वतःचं गाणं स्वतः म्हटलं की कसं काळजाला लागतं." खरंच लागतं. मग तिनंच पुढं वाचून दाखवलं, की त्या गाण्याची चाल कॅरोलची, शब्द गॉफिनचे. म्हणजे पोरीच्या मनातलं ते सगळं लिहिलं पुरुषानं. आणि १९७१ पर्यंत त्या दोघांचा घटस्फोटही झाला होता! सोडलेल्या नवऱ्याचे शब्द ती बाई स्वतःच्या जिवातून आल्यासारखे म्हणत होती. पोरगी गप्प झाली. मी चहा ठेवला.

आपल्याकडेच बघ. ना. धों. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या डोंगराखालचे, शेती करणारे. १९७७ ला 'जैत रे जैत' सिनेमा आला, त्यातली माणसं सह्याद्रीतले ठाकर आदिवासी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं ठाकरांच्या तोंडी गाणी घातली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली बांधल्या, आणि आपण ती ऐकताना कुणाला वाटलं का, की हे परक्यानं लिहिलंय? गदिमांनी १९५५-५६ ला पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायणाची छप्पन्न गाणी लिहिली, त्यात ज्याचं गाणं त्याचं तोंड. दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याला ही सोय असते. एका जन्मात त्याला बाईही होता येतं, नावाडीही होता येतं. तुझ्या वहीत मात्र नऊच्या नऊ गाण्यांत तूच आहेस. टेम्पोतल्या गाण्यात तू आहेस म्हणून ते चांगलं, आणि बाकीच्यांत तूच आहेस म्हणून ती रडकी.

मागच्या आठवड्यात शेगावची पालखी आपल्या गावात होती. पाऊस नाही, ढग नुसते तरंगायलेत, सोयाबीनचं बी घरातच पडून, तरी लोक हजारांनी. मी संत जनाबाईच्या मंदिराकडं बसलो होतो. खामगावकडची एक म्हातारी पाय चोळत, आपल्याच नादात, जनीचा अभंग म्हणत होती. आवाज फाटका, दात नाहीत. शेवटी आलं 'जनी म्हणे'. अन् बुवा, माझ्या अंगावर काटा आला. सातशे वर्षं झाली, गाणारं तोंड कुणाचंही असो, जनीचं नाव घेतल्याशिवाय गाणं संपतच नाही. त्या बाईनं कायदा, कॉपीराइट काही न बघता आपलं नाव गाण्याच्या आतच शिवून टाकलं. तेही कसं, कितीदा 'नामयाची जनी' असं म्हणून त्यात नामदेवांनाही सोबत घेतलं.

तू तर नांदेडात राहतोस. नामदेव नरसीचे, आपल्या हिंगोलीकडचे. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरुद्वाऱ्यात रागी पदं म्हणत असतात तेव्हा एखाद दिवशी कान देऊन बस, पंजाबी गळ्यातून नामा ऐकू येईल. पैठणच्या नाथांचं तर आणखी भारी. भारुडात विंचू चावलेला माणूस होतील, जोशी होतील, सासरी गांजलेली बाई होतील, सगळी दुसऱ्याची तोंडं. आणि शेवटी 'एका जनार्दनी' म्हणून सही. दुसऱ्यासाठी लिहायचं की स्वतःचं म्हणायचं, हा आपला वाद त्यांना ऐकवला असता तर ते हसले असते. वामनदादा कर्डक स्वतः लिहायचे, स्वतः गावोगाव फिरून गायचे. २००४ ला ते गेले, पण भीमजयंतीला कुठल्याही वस्तीत जा, कुणीतरी पोरगा माइक धरून शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' म्हणतोच.

आता तुला जे कधी बोललो नाही ते.

आपली देवीची कॅसेट आठवते? कंपनीनं मला तीनशे रुपये एकरकमी दिले, एका कोऱ्या कागदावर सही घेतली. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर तुझा हार घातलेला फोटो, आणि खाली 'गीत : पारंपरिक'. मी जिवंत असताना पारंपरिक झालो! २०१२ ला कायदा बदलला, गाणं विकलं तरी लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला हक्क जात नाही असं झालं, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले. आपली कॅसेट त्याच्या कितीतरी आधीची. ते जाऊ दे. कंपनी ती कंपनी.

मला लागलं ते वेगळंच. त्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात मी लिहिलं होतं 'मास्तर म्हणे'. भीत भीत लिहिलं होतं, कुणी हसेल म्हणून. कॅसेट लावली तर तू म्हणालायस 'बुवा म्हणे'. मला वाटलं, रेकॉर्डिंगच्या गडबडीत झालं असेल. मग परळीच्या कार्यक्रमात तू परत तेच म्हटलंस. खाली उतरलास तेव्हा एक फेटेवाला म्हातारा आला, तुझे हात धरून म्हणाला, "बुवा, काय लिहिलंय हो तुम्ही!" तू हात जोडलेस. मी मागंच उभा होतो, तुझ्या हार्मोनियमची पेटी धरून. तू वळून बघितलंस, माझ्याकडं नाही, पेटी आणली का ते.

तेव्हापासून मी एक-दोन वर्षं तुला कमी गाणी दिली. शाळेत काम वाढलंय म्हणून सांगत होतो. काम वाढलं नव्हतं.

परवा पालखीहून घरी येऊन ते गाणं मी एकटाच म्हणून बघितलं. दार लावून, बायको माहेरी आहे. 'मास्तर' तिथं बसतच नाही रे. 'स्त'ला चाल ठेचकाळते, आणि वरच्या सुरावर 'र' येतो, त्याला लांबवायचं कसं? 'बुवा'चा 'वा' मात्र मोकळा सुटतो. मीच वीस वर्षं तुला सांगत आलो, वर गेलास की 'आ' हवा. माझाच नियम मी माझ्या नावाला लावला नव्हता. तू नाव चोरलंस की गळ्यानं आपोआप वाट काढली, ते तुझं तुलाच ठाऊक. विचारत नाही. पण त्या म्हाताऱ्याला तू एकदा तरी सांगायला हवं होतंस, हे मात्र मी मागं घेणार नाही.

वही परत पाठवत नाही, तूच ये न्यायला. शनिवारी ये, रविवारी मला कुठं जायचं नाही. टेम्पोच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यात 'निद्रा' लिहिलंयस, ते मी खोडून 'झोप' केलंय. ड्रायव्हर 'निद्रा' म्हणेल का कधी? तिसरा अंतरा आखूड आहे, त्यात ड्रायव्हरला आणखी एक वाक्य बोलू दे, तो अर्धाच बोलून गप्प झालाय. आणि शेवटी तू कुठंच नाव घातलं नाहीस. 'बुवा' घाल. चालीत बसतं.

वहिनींना नमस्कार. धपाट्यांत यावेळी तीळ जास्त होते, ते तसेच असू देत म्हणावं.

तुझा,
मास्तर