पावसाळ्यानंतर सायकलचं हब एकदा उघडून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा संपला की बाइक आणि कारची काळजी कशी घ्यायची ते तुमच्या पेपरात दरवर्षी येतं, सायकलबद्दल मात्र एक ओळ नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आम्ही गुहागरला समुद्राजवळ राहतो, मुलगी सायकलने शाळेत जाते आणि येताना मैत्रिणींबरोबर ओल्या वाळूवरून थेट लाटेत सायकल घालते, कितीही ओरडा. गणपतीनंतर पुढच्या चाकातून करकर यायला लागली. दुकानात नेली तर त्याने चाक नुसतं हाताने फिरवलं आणि म्हणाला, हब गेलाय, अख्खं चाक बदला. हब म्हणजे चाकाच्या मधोमध आसाभोवती फिरणारा भाग.

घरी आणून मीच खोललं. ग्रीस पार तपकिरी, बोटाला वाळू लागत होती, छर्रे (आतल्या लोखंडी गोळ्या) गंजलेले आणि कोनवर, म्हणजे आसावर फिरवून बसवतात त्या शंकूसारख्या नटावर, छर्रे फिरतात त्या पट्ट्यात सुईने टोचल्यासारखे खड्डे. पण कप, म्हणजे हबमध्येच पक्की बसवलेली छर्र्यांची वाटी, एकदम गुळगुळीत! अहो, कप गेला असता तर चाक बदलायची गोष्ट, छर्रे आणि कोन तर सुट्टे मिळतात. एका बाजूला १० छर्रे, ३/१६ इंची, सगळेच नवीन घातले, कारण जुने झिजून बारीक झालेले असतात, मिसळले तर भार नव्यांवरच येतो. रॉकेल आता कुठे मिळतंय, डिझेलने धुतलं. सगळा खर्च शंभराच्या आत.

खरी कटकट पुढेच. कोन जास्त आवळला की चाक जड, ढिला ठेवला की डुलतं, आणि बरोब्बर जमलं म्हणून चेकनट (कोन जागेवर पक्का ठेवणारा बाहेरचा नट) आवळायला जावं तर तेवढ्यानेच कोन परत घट्ट होतो. पातळ पान्याने कोन धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, हे मला चौथ्या खेपेला सुचलं. मग चाक जमिनीवरून उचलून मोकळं सोडलं तर झुलत झुलत व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला, म्हणजे चाक कुठे अडत नव्हतं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी हबवर मारतात ना, ते आधी बंद करा राव, पाणी आत जाऊन बसतं. आणि हबमध्ये तेल सोडू नका, त्याने उलट ग्रीसच धुऊन जातं.

मागचं चाक अजून बाकी आहे, तिथे पाव इंची छर्रे, बाजूला ९. पण फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं, चेन बसते ते दातेरी चक्र) काढायचा पाना माझ्याकडे नाही, त्यामुळे परत त्याच दुकानात जावं लागणार.

– एक वाचक, गुहागर