पायल कपाडिया यांचे नाव दिग्दर्शकांच्या यादीत हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या १७ डिसेंबरला अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी ८५ देशांच्या प्रवेशिकांतून निवडलेल्या पंधरा चित्रपटांची यादी जाहीर केली. तीत ‘लापता लेडीज’ नव्हता आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळीकडे भारत ऑस्करच्या शर्यतीतून बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या. या बातम्या अर्ध्याच खऱ्या होत्या. भारताची अधिकृत प्रवेशिका बाहेर पडली होती. भारतीय चित्रपट बाहेर पडले नव्हते. लॉस एंजेलिसमधील वणव्यांमुळे दोनदा पुढे गेलेली नामांकनांची घोषणा आता येत्या गुरुवारी, २३ जानेवारीला, आपल्याकडे संध्याकाळी सातच्या सुमारास होईल. मतदान काल, १७ जानेवारीला संपले, त्यामुळे आता कोणाच्या लिहिण्याने काही बदलणार नाही. तरीही निकाल कळण्याआधी माझे म्हणणे मांडावे, म्हणजे नंतर शहाणपण सांगितल्यासारखे होणार नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे ऑस्कर म्हटले की परदेशी भाषेतील चित्रपटाचा एकच विभाग डोळ्यांसमोर येतो, कारण ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ या तिन्ही चित्रपटांना नामांकन मिळाले ते याच विभागात. या विभागासाठी देशाने चित्रपट पाठवावा लागतो. दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण, अभिनय या विभागांना मात्र कोणत्याही देशाच्या शिफारशीची गरज नसते. अमेरिकेतील चित्रपटगृहांत ठरलेल्या अटींनुसार चित्रपट प्रदर्शित झालेला असला की पुरे. या वर्षी अकादमीने पात्र ठरवलेल्या ३२३ चित्रपटांच्या यादीत पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ आहे, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पात्र ठरलेल्या २०७ चित्रपटांतही तो आहे.

पात्र असणे वेगळे आणि नामांकन मिळणे वेगळे, हे मला मान्य आहे. परंतु दिग्दर्शनाच्या नामांकनांची पद्धत थोडी समजून घेतली, तर माझी आशा अगदीच वेडी नाही हे लक्षात येईल. दिग्दर्शकांना नामांकन फक्त दिग्दर्शक देतात. प्रत्येक मतदार पसंतीक्रमाने पाच नावे लिहितो आणि पाच जागांसाठी मतमोजणी होत असल्यामुळे ढोबळमानाने एकूण मतांच्या एक षष्ठांशाहून थोडी अधिक मते मिळवणाऱ्याचे नाव निश्चित होते. या मोजणीत पहिल्या पसंतीला फार मोल असते. सर्वांना बरा वाटलेला, पण कोणाच्याही कागदावर पहिल्या क्रमांकावर नसलेला दिग्दर्शक मागे पडू शकतो, आणि थोड्याच लोकांनी मनापासून उचलून धरलेला दिग्दर्शक आत येऊ शकतो. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेची पाच नावे आणि अकादमीची पाच नावे बऱ्याचदा जुळत नाहीत, त्याचे एक कारण हेच असावे. गेल्या वर्षी संघटनेच्या यादीतील ग्रेटा गर्विग आणि अलेक्झांडर पेन यांच्या जागी अकादमीच्या यादीत ज्युस्तिन त्रिए आणि जोनाथन ग्लेझर आले. त्याआधी पावेल पावलिकोवस्की आणि टॉमस विंटरबर्ग यांनीही असाच धक्का दिला होता. हे चौघेही युरोपातले आणि चौघांचेही चित्रपट मुख्यत्वे इंग्रजीबाहेरच्या भाषांतले, हा योगायोग मला वाटत नाही.

देशाने न पाठवलेल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला अकादमीने उचलून धरल्याची उदाहरणेही आहेत. १९८५ साली जपानने अकिरा कुरोसावा यांचा ‘रान’ पाठवला नाही. कुरोसावांना दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले. २००२ साली स्पेनने पेद्रो अल्मोदोवार यांचा ‘टॉक टू हर’ बाजूला ठेवला. अल्मोदोवारना दिग्दर्शनाचे नामांकन आणि पटकथेचे ऑस्कर मिळाले. २०२३ साली फ्रान्सने त्रिए यांच्या ‘अनॅटॉमी ऑफ अ फॉल’ऐवजी दुसरा चित्रपट निवडला आणि तेथेही तेच घडले. आपल्या ‘आरआरआर’चेही असेच झाले. २०२२ साली भारताने गुजराती ‘छेल्लो शो’ पाठवला होता, आणि ‘आरआरआर’च्या ‘नाटू नाटू’ने गीताचे ऑस्कर आणले.

पायल कपाडिया यांच्या बाजूने या वर्षी काय आहे तेही पाहावे. मे महिन्यात कान महोत्सवात त्यांना ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट असण्याची वेळच तीस वर्षांनी आली होती. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही शहरांतील समीक्षकांच्या मंडळांनी परभाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड केली. गोल्डन ग्लोबमध्ये त्यांना दिग्दर्शनाचे नामांकन होते. अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने या महिन्याच्या सुरुवातीला वर्षातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले. दिग्दर्शकांच्या संघटनेने मुख्य यादीत नाही, पण पदार्पणाच्या चित्रपटासाठी त्यांना नामांकन दिले आहे. गेल्या बुधवारी जाहीर झालेल्या बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांच्या नामांकनांतही हा चित्रपट आहे. यातील एकही मंडळ अकादमी नव्हे, पण दिग्दर्शकांनी हा चित्रपट पाहिला आहे एवढे तरी यातून दिसते.

मी नोव्हेंबरमध्ये हा चित्रपट पाहिला तेव्हा आमच्या भागातील चित्रपटगृहात दिवसाला एकच खेळ होता आणि तोही दुपारचा. माझे माहेर रत्नागिरीचे, त्यामुळे चित्रपटाचा उत्तरार्ध पाहताना मी तटस्थ राहू शकले नाही, हे कबूल करते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती कित्येक वर्षे मुंबईत राहिलेली आहे, पण घर आपले आहे हे सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नाही, आणि बिल्डरपुढे हात टेकून ती शेवटी कोकणातल्या आपल्या गावी परतते. मुंबईतून असे परतलेले लोक आमच्या प्रत्येक वाडीत आहेत. छाया कदम यांनी पार्वती अशी उभी केली आहे की तिच्या चालण्यात, सामान उचलण्यात आणि कमी बोलण्यात आपल्याला तिचे सगळे आयुष्य कळते. बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर ती आणि तिची परिचारिका मैत्रीण प्रभा दगड मारतात, त्या प्रसंगात आवाज चढवलेला नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही, आणि तरीही मला घशाशी दाटून आले. जर्मनीहून आलेल्या भात शिजवण्याच्या भांड्याला रात्री एकटीने कवटाळून बसणाऱ्या प्रभाचा प्रसंगही तसाच. नवऱ्याचे एक पत्रही सोबत नाही, नुसते भांडे. रणबीर दास यांनी टिपलेल्या पावसाळी मुंबईचा निळसर रंग हा मी लहानपणी लोकलच्या खिडकीतून पाहिलेला रंग आहे.

असे असताना फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या तेरा पुरुषांच्या निवड समितीला हा चित्रपट भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटला, असे फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितल्याचे वाचून मला दुःख झाले आणि रागही आला. मल्याळम बोलणाऱ्या परिचारिका, मराठी बोलणारी स्वयंपाकीण आणि सगळ्यांना जोडणारी मोडकीतोडकी हिंदी, यापेक्षा अधिक भारतीय काय असते? याच वर्षी ब्रिटनने संध्या सुरी यांचा हिंदी ‘संतोष’ पाठवला आणि जर्मनीने इराणमधून पळून आलेल्या मोहम्मद रसूलोफ यांचा फारसी चित्रपट पाठवला. दोन्ही पंधरांच्या यादीत आहेत. त्या देशांनी भाषा आणि मातीचा प्रश्न मध्ये येऊ दिला नाही. ‘लापता लेडीज’ मला आवडला होता, त्यातही छाया कदम यांची मंजू माई अविस्मरणीय आहे, त्यामुळे माझी तक्रार त्या चित्रपटाविषयी मुळीच नाही. परंतु प्रवेशिका निवडताना कोणता चित्रपट आपल्याला आवडला, एवढाच प्रश्न पुरत नाही. परदेशातील मतदारांनी कोणता आधीच पाहिला आहे आणि त्याला तेथे वितरक कोण आहे, हेही पाहावे लागते. २००४ साली ‘श्वास’च्या वेळी प्रचाराचा खर्च भागवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, हे मराठी वाचकांना आठवत असेल. या वेळी वितरक आणि समीक्षकांचा पाठिंबा दोन्ही आधीच मिळालेला चित्रपट हाताशी असताना आपण तो सोडला.

आता माझे अंदाज. दिग्दर्शनात ‘द ब्रूटलिस्ट’चे ब्रेडी कॉर्बे, ‘अनोरा’चे शॉन बेकर आणि ‘एमिलिया पेरेझ’चे जॅक ओदियार ही तीन नावे मला पक्की वाटतात. चौथे नाव ‘कॉन्क्लेव्ह’च्या एडवर्ड बर्गर यांचे असावे. पाचव्या जागेसाठी जेम्स मॅन्गोल्ड, ‘द सब्स्टन्स’च्या कोराली फारझा, रामेल रॉस आणि पायल कपाडिया यांच्यात चुरस आहे. डोके वापरून सांगायचे तर ती जागा फारझा यांना जाईल. पण मला मत असते तर मी पहिल्या क्रमांकावर कपाडिया यांचेच नाव लिहिले असते. आजवर या विभागात केवळ आठ स्त्रियांना नामांकन मिळाले आहे, तेव्हा दोघीही आल्या तर अधिकच आनंद होईल.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी ‘अनोरा’, ‘द ब्रूटलिस्ट’, ‘कॉन्क्लेव्ह’, ‘एमिलिया पेरेझ’, ‘विकेड’, ‘अ कम्प्लीट अननोन’, ‘ड्यून’चा दुसरा भाग आणि ‘द सब्स्टन्स’ येतील असे वाटते. उरलेल्या दोन जागांवर ‘अ रिअल पेन’ आणि ब्राझीलचा ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ यावेत. ब्राझीलच्या फर्नांडा टोरेस अभिनेत्रींच्या पाचांत नक्की असतील. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या आई फर्नांडा माँटेनेग्रो यांना हेच नामांकन होते. त्यांच्याबरोबर डेमी मूर, मायकी मॅडिसन, कार्ला सोफिया गास्कोन आणि सिंथिया एरिव्हो असाव्यात. ‘हार्ड ट्रुथ्स’मधील मारियान जीन-बाप्टिस्ट बाहेर राहिल्या तर मला फार वाईट वाटेल. पुरुषांमध्ये एड्रियन ब्रोडी, टिमोथी शालमे आणि रेफ फाइन्स यांच्याविषयी शंका नाही. आंतरराष्ट्रीय विभागात ‘संतोष’ पाचांत येणे अवघड दिसते, परंतु दिल्लीतील कारखान्यात काम करणाऱ्या मुलीची गोष्ट सांगणारा ‘अनुजा’ हा लघुपट नामांकन मिळवेल अशी माझी अटकळ आहे.

कपाडिया यांच्यासाठी दुसरी शक्यता मूळ पटकथेच्या विभागाची आहे, आणि तेथे लेखक मत देतात. अल्मोदोवार आणि त्रिए या दोघांनाही शेवटी ऑस्कर मिळाले ते पटकथेचे. सहायक अभिनेत्रीच्या विभागात छाया कदम यांचे नाव येणार नाही हे मी जाणते, कारण त्यांच्यासाठी तशी प्रचारमोहीम झालेली माझ्या वाचनात आली नाही. पण अभिनयाच्या कसोटीवर त्यांचे नाव तेथे शोभले असते असे माझे प्रामाणिक मत आहे.

आपणास एक विनंती आहे. शुक्रवारच्या अंकात नामांकनांची बातमी देताना भारताला काय मिळाले एवढ्यावर न थांबता दिग्दर्शन, पटकथा आणि छायाचित्रण या विभागांतील पाचही नावे कृपया छापावीत. कपाडिया यांचे नाव त्यांत नसेल तर त्यांच्या जागी कोण आले हे आम्हा वाचकांना कळू द्यावे, म्हणजे ते चित्रपटही आम्ही शोधून पाहू.

कळावे,
आपली नियमित वाचक,
डोंबिवली
१८ जानेवारी २०२५