घरच्यांचे हात पुरेसे नाहीत

महोदय,

पक्षाघाताच्या रुग्णाला घरच्यांनीच व्यायाम दिले तर फिजिओथेरपिस्टची गरज उरत नाही, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हा मार्ग भारतातच तपासून झाला आहे. ‘अटेंड’ या चाचणीत १४ रुग्णालयांतील १२५० रुग्ण होते; निम्म्यांच्या नातेवाइकांना प्रशिक्षण दिले गेले. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा, की सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते.

घरच्यांची तळमळ कमी पडते असे नाही. पण उठवताना लुळा हात धरून ओढला, की सैल स्नायूंमुळे खांदा सांध्यातून सरकतो. मग तो इतका दुखतो, की रुग्ण हाताला स्पर्शही करू देत नाही. खरे तर आधार खांद्याच्या पात्यामागून द्यायचा असतो आणि बसवल्यावर हाताखाली उशी हवी. शिवाय लुळेपणा जाऊन ताठरपणा येऊ लागला, की व्यायाम बदलावे लागतात. ती वेळ ओळखायला फिजिओथेरपिस्टचीच नजर लागते, आणि तो तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी भेटायला हवा.

– एक वाचक