दुर्बीण की चिरा, हे नंतर बघा

मा. संपादक,
स. न.

लहान मुलांच्या जांघेतल्या हर्नियाच्या दुर्बिणीतल्या ऑपरेशनवर पुरवणीत छापलंत, माहिती चांगली होती, पण वाचणाऱ्याला वाटेल की दुर्बीण म्हणजे भारी आणि चिरा म्हणजे जुनाट. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सिस्टर म्हणून नोकरी केली, दोन्ही बघितलंय म्हणून लिहितेय.

पोरांचा हर्निया मोठ्यांसारखा स्नायू सैल पडून होत नाही. पोटातून जांघेत उतरणारी, जन्माच्या आसपास बंद व्हायची पिशवी उघडीच राहते नि त्यातून आतडं खाली उतरतं. तिचं तोंड बांधलं की झालं, मोठ्यांना लावतात तशी जाळीबिळी लागत नाही. त्याला जांघेच्या घडीत छोटासा चिरा पुरतो, आणि तब्येतीने धड असलेलं मूल बहुतेक त्याच दिवशी घरी जातं. दुर्बिणीत बेंबीतून कॅमेरा घालतात, पोटात गॅस भरतात आणि पडद्यावर पिशवीच्या तोंडाचं ते भोक समोर दिसतं, दुसऱ्या बाजूलाही आहे का ते तिथल्या तिथे कळतं, हा खरा फायदा. मुलींमध्ये कधी अंडाशय खाली आलेलं असतं तेही बघता येतं, आणि एकदा ऑपरेशन होऊन हर्निया परत आला असेल तर जुन्या व्रणात हात घालावा लागत नाही. पण दुसरीकडे भोक दिसलं म्हणून तिथेही हर्निया होईलच असं नाही, ते बांधायचं की सोडायचं यावर सर्जन लोकांचंच एकमत नाही! एका बाजूचा साधा हर्निया असेल तर हात बसलेल्या पेडियाट्रिक (लहान मुलांच्या) सर्जनचा चिरा काही कमी नाही.

चीड येते ती थांबण्याची. "दुर्बिणीचे पैसे जमले की करू", "मोठा झाला की करू", कोणी तर गाठीवर नाणं बांधतं. अहो, बेंबीचा हर्निया पुष्कळदा आपोआप बसतो, जांघेतला नाही बसत, आणि बाळ जितकं लहान, त्यातून दिवस भरण्याआधी जन्मलेलं, तितकी आतडं अडकायची भीती जास्त. गाठ कडक झाली, आत जाईना, बाळ रडायचं थांबेना, उलट्या सुरू झाल्या तर घरी दाबत बसू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

एरवी ओपीडीत नेलं की गाठ हमखास गायब! तेव्हा रडताना वर आली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरला लई उपयोग होतो.

आणि पुढच्या वेळी कुठल्या जिल्ह्यात कुठल्या सरकारी हॉस्पिटलात पेडियाट्रिक सर्जन बसतात, कुठल्या वारी, तेवढं छापा की.

– एक निवृत्त ओटी सिस्टर, सांगली