‘सर्व प्रकारच्या प्लास्टिकसाठी सुरक्षित’ असे छापलेल्या पेंट रिमूव्हरमुळे झालेल्या नुकसानीबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या पेंट रिमूव्हरमुळे वाचनालयाच्या वस्तू खराब झाल्याबद्दल भरपाई आणि लेबल दुरुस्तीची मागणी.

महोदय,

दिवाळीआधी आमच्या वाचनालयाच्या खिडक्यांचे ग्रिल रंगवून घेतले. पेंटरने ब्रशऐवजी कॉम्प्रेसरची गन चालवली आणि काळ्या ऑइलपेंटचा फवारा वाऱ्याने अभ्यासिकेत आला. खुर्च्या, पाण्याचा प्युरिफायर, देणगीदारांच्या नावांचा पारदर्शक ॲक्रिलिक फलक, सगळ्यांवर बारीक ठिपके बसले. पेंटरशी काय बोलायचे ते आम्ही बोललो. हे पत्र त्यानंतर आणलेल्या तुमच्या बाटलीबद्दल आहे.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘सर्व प्रकारच्या प्लास्टिकसाठी सुरक्षित’ असे छापले आहे आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीचे चित्र आहे. वापरायची रीत एका ओळीची : फवारा, दोन मिनिटे थांबा, पुसा. आम्ही अक्षरशः तेवढेच केले. सुरुवात खुर्च्यांपासून केली. रंग निघाला, खुर्चीला ओरखडासुद्धा नाही. तुमच्या चित्रातली खुर्ची खोटी नाही, हे मी आनंदाने मान्य करते.

मग प्युरिफायरचा प्लग काढून त्याच्या पांढऱ्या कव्हरवर फवारले. पुसताना फडक्याला काळ्या रंगाबरोबर पांढरा चिकट लगदाही आला. कव्हरची चकाकी गेली आणि फडक्याच्या विणीचा ठसा त्यावर कायमचा उमटला. फलकाचे हाल त्याहून वाईट. पुसल्यावर तो धुरकट दिसू लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रूच्या भोकांभोवती केसासारख्या तडा गेलेल्या दिसल्या. त्या अजून वाढत आहेत. फलकावर ज्यांची नावे आहेत त्यांच्यापैकी काही जण रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांना काय सांगायचे, हा प्रश्न तुमच्या विभागाला पडणार नाही, आम्हाला पडतो.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केल्यावर उत्तर मिळाले, की ‘आधी न दिसणाऱ्या जागी थोडे लावून बघायला हवे होते’. ही सूचना बाटलीवर कुठेही नाही, खोक्यावरही नाही. शिवाय जे सर्व प्लास्टिकला चालते, त्याची चाचणी एका प्लास्टिकवर झालीच होती, खुर्चीवर. तुमचेच वाक्य खरे धरले तर तेवढे पुरायला हवे.

खरी गोष्ट मिरज-कुपवाड एमआयडीसीत मोल्डिंगचे काम करणाऱ्या आमच्या एका सभासदांनी दाखवली. त्यांनी खुर्ची उलटी केली. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लास्टिक. त्याच्यावर ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असते ते द्रावण) किंवा थिनरचा सहसा काही परिणाम होत नाही. प्युरिफायरच्या कव्हरमागे ‘एबीएस’ कोरलेले आहे, हे दुसऱ्या जातीचे प्लास्टिक, आणि एबीएस तर ॲसिटोनमध्ये विरघळतेच. कारखान्यात त्याचे तुकडे जोडायला हेच द्रावण वापरतात. ॲक्रिलिकला कापताना, भोके पाडताना आत ताण राहतो, आणि द्रावण लागले की तडा नेमक्या तिथून फुटतात. त्याला साधे स्पिरिटसुद्धा बाधते. तुमच्या बाटलीला नेलपॉलिश रिमूव्हरचा स्पष्ट वास आहे. आम्ही एक थेंब थर्माकोलच्या तुकड्यावर टाकला, भोक पडले. गणपतीच्या मखरावर एकदा तरी सोनेरी स्प्रे मारलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. तुमच्या कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

उरलेल्या वस्तूंवरचे ठिपके त्याच सभासदांनी काढले. हवेतून उडत आलेला रंग वाटेतच अर्धा सुकतो, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर त्याची पकड कच्ची असते. कोमट साबणाचे पाणी, जिथे नाही निघाले तिथे थोडे खाद्यतेल लावून ठेवणे, आणि जुन्या एटीएम कार्डाची कड हलक्या हाताने फिरवणे, एवढ्यावर बहुतेक काम झाले. संगणकाच्या एबीएसच्या कीबोर्डवर त्यांनी बंद करून, फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पटकन पुसले. थेट ओतले नाही, भिजत ठेवले नाही. ॲक्रिलिकच्या जवळ ती अल्कोहोलची बाटली नेलीसुद्धा नाही. कोणत्या प्लास्टिकला काय चालते, हे तुमच्या लेबलवर चार ओळींत मावले असते. खुर्चीच्या चित्राने त्याहून जास्त जागा घेतली आहे.

आणखी एक. बाटलीवर घटकांची नावे नाहीत आणि ज्वालाग्राही असल्याची खूणही नाही. आत ॲसिटोन असेल तर त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. आम्ही हे खिडक्या लावलेल्या खोलीत फवारले, कारण बाहेर ग्रिलचा रंग ओला होता. लेबलवर खिडक्या उघडा असे लिहिले असते तर उघडल्या असत्या.

आमच्या मागण्या : फलक नव्याने करण्याचा आणि प्युरिफायरचे कव्हर बदलण्याचा खर्च द्यावा, दरपत्रके जोडली आहेत, बाटलीतील घटकांचे सुरक्षा माहितीपत्रक पाठवावे, आणि दुकानांत असलेल्या मालावरचे ‘सर्व प्रकारच्या’ हे शब्द झाकणारी चिकटपट्टी तरी लावावी. तुमच्या प्रतिनिधीने देऊ केलेली ‘बदली बाटली’ आम्हाला नको.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे न दिल्याने झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. उरलेले द्रावण बाटलीसह सीलबंद करून ठेवले आहे. तपासणीसाठी तुमचा माणूस पाठवायचा असल्यास सोमवार सोडून कोणत्याही दिवशी संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत पाठवावा. बाटली हातात देणार नाही, समोर उघडू.

आपली,
सचिव, वाचनालय कार्यकारी मंडळ

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, लेबलच्या चारही बाजूंची छायाचित्रे, फलक व कव्हरची छायाचित्रे, दोन दरपत्रके