वीतभर जाऊन परत येणारी गाडी

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

रबरबँडच्या जोरावर धावणारी तुझी पुठ्ठ्याची गाडी वीतभर पुढे जाते आणि तेवढीच मागे येते, असं तू लिहिलंस. त्यावरूनच दुखणं कळलं. रबर तू मागच्या आसाला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या काडीला, गाठ मारून बांधलं आहेस. ते पूर्ण उलगडलं तरी चाकं वेगात असतात, फिरत राहतात, आणि बांधलेलं रबर उलट्या बाजूने गुंडाळलं जातं. आधी ते गाडी अडवतं, मग मागे ओढतं. गाठ सोड. टूथपिकचा सेंटिमीटरभर तुकडा आसाच्या मधोमध तिरका ठेवून दोऱ्याने करकचून बांध, टोक ३ मिमी बाहेर राहू दे, दोऱ्यावर फेविक्विकचा एक थेंब टाक. रबराचा फास त्या टोकात नुसता अडकवायचा. ताण संपला की तो आपोआप निसटतो.

सांगाडाही नवा कर. खोक्याच्या पुठ्ठ्याचा २० × ८ सेंमी तुकडा घे, पण आतल्या पन्हळी लांबीच्या दिशेने यायला हव्यात. आडव्या आल्या तर रबर ताणताच पुठ्ठा मधोमध दुमडतो. मागच्या कडेला मधोमध ३ सेंमी रुंद, ३ सेंमी खोल खाच काप. रबर तिथूनच आसापर्यंत पोचतं. पुढच्या कडेला छोटी चीर पाडून रबराचं दुसरं टोक तिच्यात अडकव, वरून चिकटपट्टी.

आस म्हणजे ३ मिमीची बांबूची काडी. ती स्ट्रॉच्या तुकड्यांत फिरते: खाचेच्या दोन्ही बाजूंना अडीच सेंमीचा एकेक, पुढे ८ सेंमीचा एक. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, म्हणून कागदी मिळेल. चालते, पण फेविकॉल लावलास की भिजून मऊ पडते आणि डिंक आत शिरला तर आस जाम. ती चिकटपट्टीनेच लाव, आणि फार आवळू नकोस.

चाकं ६ सेंमी व्यासाची. प्रत्येकाला दोन चकत्या, एकीच्या पन्हळी उभ्या, दुसरीच्या आडव्या, मध्ये फेविकॉलचा पातळ हात. रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेव, नाहीतर पापडासारखी वळतात. वाटी ठेवून गोल काढलास तर मध्य अंदाजाने ठरवू नकोस. दोन जीवा, म्हणजे घेरावरचे दोन-दोन बिंदू जोडणाऱ्या तिरक्या रेषा, काढ; त्यांचे लंबदुभाजक, म्हणजे त्यांच्या मधोमध काटकोनात काढलेल्या रेषा, जिथे छेदतात तोच मध्य. भोक दोन मिमी जरी सरकलं तरी गाडी लंगडत चालते. भोक काडीपेक्षा किंचित लहान हवं: चाक आसावर घट्ट, आस स्ट्रॉमध्ये सैल. चाक आणि स्ट्रॉ यांच्यात दोन मिमी मोकळी जागा सोड, चाक घासायला नको.

आता "मोठी चाकं लावू का?" याचं उत्तर. ३ मिमी काडीचा घेर साधारण ९.४ मिमी, म्हणजे रबर १० सेंमी ओढलं तर दहाएक वेढे बसतात. ६ सेंमीचं चाक एका फेरीत जवळजवळ १९ सेंमी जातं, म्हणून रबराच्या जोरावर पावणेदोन-दोन मीटर, पुढचं धावण्याच्या वेगावर. १२ सेंमीच्या जुन्या सीडीने अंतर कागदावर दुप्पट होतं, पण ढकलणारा जोर निम्म्यावर येतो आणि जड गाडी जागची हलतही नाही. तसं झालं तर आसावर, रबर गुंडाळतं तिथे, चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे दे. आस जाड झाला की जोर वाढतो, अंतर घटतं. दुप्पट रबर लावण्याआधी हे करून बघ. जादा जोराने चाकं गुळगुळीत फरशीवर नुसती गरगरतात. त्यावर मागच्या चाकांच्या कडेला फुग्याची पट्टी चढवणं पुरतं. अंतर वाढवायचं असेल तर दोन रबरं एकापुढे एक अडकव, शेजारी शेजारी नको.

गाडी वाकडी गेली तर बहुतेक वेळा पुढचा आस तिरका असतो. फरशीच्या सांध्यावर धरून आधी हाताने ढकलून बघ, मगच रबर चढव. चाकं उलटी फिरवून गुंडाळायचं, आणि रात्रभर गुंडाळलेलं ठेवायचं नाही. रबर ढिलं पडतं.

किती फरशा गेली ते कळव.

तुझी,
आई

ता. क. काडीची टोकदार टोकं आधी छाट. ती डोळ्यांच्या उंचीवर येतात, कारण गाडी बघायला सगळे जमिनीवर पालथे पडतात.