‘अत्तीवो’ म्हणजे चालू. पण काय चालू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इटलीतल्या टस्कनीच्या मोटारप्रवासावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडीने आणि दुसऱ्यांदा, एक शब्द माझ्याच नजरेतून सुटला असावा अशा आशेने. तो सुटलेला नव्हता, लिहिलेलाच नव्हता. फ्लॉरेन्समध्ये ‘गाडी थेट हॉटेलच्या दारात न्या आणि बॅगा उचलून आत जा’ असा सल्ला वाचकांना देणाऱ्या लेखकाने ‘झेडटीएल’ (म्हणजे परवानगीशिवाय गाडी नेण्यास बंदी असलेला शहराचा जुना भाग) ही तीन अक्षरे पानभर मजकुरात एकदाही लिहू नयेत, आणि ती राहिली आहेत हे आपल्याकडे कोणाच्याही लक्षात येऊ नये, याचे मला आश्चर्य वाटले असे मी केवळ सभ्यपणापोटी म्हणतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी आणि आमची ही, असे दोघे पिसाच्या विमानतळावर भाड्याची गाडी घेऊन निघालो. ती देणाऱ्या तरुणाने वीस मिनिटे आम्हाला जादा विम्याचे महत्त्व पटवून दिले. शहरांच्या जुन्या भागात गाडी घालू नका, हे सांगायला त्याला वीस सेकंदही मिळाली नाहीत. पेठेत चाळीस वर्षे गाडी चालवलेला आणि सम-विषम तारखांचे पार्किंग झोपेतही सांगणारा माणूस इटलीतल्या गल्ल्यांना काय घाबरणार, असा माझाही तोरा होताच. फ्लॉरेन्समध्ये शिरताना एका गल्लीच्या तोंडाशी लाल किनारीचे पांढरे वर्तुळ होते, त्याखाली इटालियनमध्ये बारीक अक्षरांच्या चारपाच ओळी होत्या आणि वर दिव्यांच्या पाटीवर ‘वार्को अत्तीवो’ असे शब्द उजळले होते. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. हिने मोबाइलमध्ये शब्द घालून पाहिला आणि ‘अत्तीवो म्हणजे चालू’ असे जाहीर केले. आमच्याकडे रस्ता चालू आहे म्हणजे जाता येते. मी गेलो.

‘वार्को’ म्हणजे प्रवेशाची जागा, आणि तिथे चालू होती ती कॅमेऱ्याची नजर, म्हणजेच प्रवेशबंदी. ‘नॉन अत्तीवो’ असे दिसले असते तर जायला मोकळीक होती. मराठी माणसाला नेमका उलटा अर्थ लागावा अशी ही शब्दयोजना आहे, आणि ती समजावून सांगणे हेच प्रवासलेखकाचे काम असते. मुक्कामाचे घर सापडेना, रस्ते एकेरी, त्यामुळे वळसा घालून आम्ही पुन्हा त्याच पाटीखाली आलो आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. ना शिट्टी, ना पोलीस, ना अडवणूक. जेवताना मी हिला म्हणालोसुद्धा, की बघ, किती सुसंस्कृत वाहतूक आहे.

दोन महिन्यांनी क्रेडिट कार्डावर गाडी देणाऱ्या कंपनीने पंचेचाळीस युरो तीन वेळा वळते करून घेतले. तो दंड असावा अशी समजूत करून मी गप्प बसलो. प्रत्यक्षात माझे नाव आणि पत्ता तिथल्या पोलिसांना कळवण्याची ती केवळ हमाली होती. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला तिथल्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिली आहे, आणि ती सरकारी वक्तशीरपणाने वापरली जाते. अकराव्या महिन्यात, सहलीचा अल्बम पाहून पाहून सगळ्यांना कंटाळा आल्यावर, पोस्टमनने एकदम तीन लिफाफे आणून दिले. वेळा पुढीलप्रमाणे होत्या : ११ वाजून ४२ मिनिटे, ११ वाजून ५१ मिनिटे आणि १२ वाजून ६ मिनिटे. दार एकच, गाडी एकच, चालक एकच. गुन्हे मात्र तीन, कारण प्रत्येक प्रवेश तिथे स्वतंत्र मोजला जातो. टपालखर्चासह प्रत्येकी सुमारे शंभर युरो. पाच दिवसांत भरल्यास मूळ दंडात तीस टक्के सूट होती, ती मी घेतली. चौथ्या दिवशी, कारण आमच्या बँकेचे कार्ड त्यांच्या संकेतस्थळाला तीन दिवस मान्य नव्हते.

यावर मी चिडून त्या घरमालकिणीला ई-मेल पाठवला. तिने नम्रपणे कळवले की, गाडीचा क्रमांक मी पोहोचलो त्याच दिवशी दिला असता तर तिने तो परवानगी असलेल्या गाड्यांच्या यादीत घातला असता आणि सामान उतरवण्यापुरती परवानगी मिळाली असती. म्हणजे आपल्या लेखकाचे ‘हॉटेलच्या दारात’ हे अगदीच खोटे नाही. फक्त त्यातले एक अख्खे वाक्य गाळले गेले आहे, आणि त्या वाक्याची किंमत आमच्या घरात तीस हजार रुपयांच्या वर गेली. लेखात आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी आरटीओच्या फेऱ्यांवर तीन परिच्छेद खर्च झाले आहेत आणि एका आइस्क्रीमच्या दुकानावर दोन. त्यांतला एखादा परिच्छेद कमी झाला असता तर आइस्क्रीम वितळले नसते.

माझा त्या शहरांवर राग नाही, हेही स्पष्ट करतो. फ्लॉरेन्सचा जुना भाग १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ज्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे लागते, तिथे आमच्यासारख्यांच्या गाड्या नकोत हे मला पटते. सिएना, लुक्का, बोलोन्या, खुद्द रोम, सगळीकडे हीच पद्धत आहे आणि वेळा मात्र प्रत्येक गावाच्या वेगळ्या. गाडी बाहेर ठेवायची सोयही उत्तम आहे, हे मला दंड भरल्यानंतर कळले. फ्लॉरेन्सजवळ ए-वन महामार्गावरच व्हिला कोस्तांझा नावाचा वाहनतळ आहे. गाडी तिथे ठेवावी, समोरच ट्राम उभी असते, ती सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकापर्यंत आणून सोडते. सिएनाला सांता काटेरीनाच्या वाहनतळावरून सरकत्या जिन्यांनी टेकडी चढून गावात जाता येते. सान जिमिन्यानोत तर वाहनतळ वेशीबाहेरच आहेत. यातले एकही नाव लेखात नाही. त्याऐवजी रस्त्याच्या कडेच्या ‘रंगीबेरंगी रेषांचे’ कौतुक आहे. त्या रेषा रांगोळीच्या नाहीत हो! पांढऱ्या रेषेत सहसा पैसे पडत नाहीत, पण कित्येक ठिकाणी आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. निळ्या रेषेत यंत्रातून पावती घ्यायची. आणि पिवळ्या जागा रहिवासी, अपंग किंवा मालवाहतुकीसाठी राखीव, तिथे गाडी लावली तर ती परत आल्यावर जागेवर असेलच असे नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत पाच स्तंभांत छापलेले, शिंपल्यासारखा उतरता चौक असलेले छायाचित्र ‘फ्लॉरेन्समधील निवांत संध्याकाळ’ म्हणून दिले आहे. तो सिएनाचा पियात्सा देल काम्पो आहे. मागचा उंच मनोराही सिएनाच्याच नगरभवनाचा. ज्याला छायाचित्रातले गाव ओळखता येत नाही, त्याला त्या गावाच्या वेशीवरची पाटी वाचता आली नसेल, तर मग फार रागावण्यातही अर्थ नाही.

लेखाच्या शेवटी, पुढच्या रविवारी हेच लेखक आम्हाला गाडीने ऑस्ट्रियात नेणार असल्याचे छापले आहे. तिथल्या महामार्गावर चढण्याआधी ‘विन्येट’ नावाची मुदतीची टोलपावती घ्यावी लागते, आणि ती नसेल तर तिथेही कॅमेरे आहेत. हे पत्र त्यापूर्वी छापले नाही तरी चालेल, पण कृपया ते त्यांना वाचायला द्यावे.

आपला,
सदाशिव पेठेतील एक वाचक, पुणे ३०